गव्हाण रिकामी असते ते दिवस

आदरणीय टीचर,

मी मूळची वसईची, लग्नानंतर गेली १६ वर्षं पुण्यात आहे. वय ४३. आमच्या घरी ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण झाला की नाताळ सुरू व्हायचा. बाबा बांबूच्या काड्यांची चांदणी बांधायचे, आई कुलकुलं या गोड पदार्थाचं पीठ मळायची, आम्ही भावंडं रोज रात्री कॅलेंडरवर फुली मारायचो. २४ तारखेच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीताची घंटा वाजली की अंगावर काटा यायचा. खरंच वाटायचं की आत्ता, या क्षणी तो जन्मला.

आता तसं काहीच होत नाही. आई गेली त्याला दोन वर्षं झाली. घराच्या वाटणीवरून दोन्ही भावांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे, त्यामुळे माहेरचा नाताळ असा उरलेलाच नाही. मी सगळं करते. केक, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा, रोषणाई, मुलांचे कपडे. मिस्सेलाही जाते. पण आत कोरडं असतं. गेल्या वर्षी ग्लोरियाला सगळे उभे राहिले आणि मला फक्त पाय दुखत असल्याचं जाणवलं. रडू आलं तेही घरी आल्यावर, भांडी घासताना.

त्यात माझा १४ वर्षांचा मुलगा म्हणतो, दर वर्षी तीच गोष्ट आणि तीच गाणी, मी कशाला येऊ? धाकटी ८ वर्षांची आहे, ती आत्तापासून दिवस मोजते आहे. तिच्याकडे पाहून मला हेवा वाटतो, आणि आईला लेकीचा हेवा वाटावा याची लाजही वाटते. टीचर, माझी श्रद्धा गेली का? आणि जे माझ्याजवळच नाही ते मी मुलांना कुठून देऊ?

एक माहेरवाशीण, पुणे

*

प्रिय बाळ,

आधी तुझ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. नाही, तुझी श्रद्धा गेलेली नाही. जिची श्रद्धा जाते तिला ती गेल्याचं दुःख होत नाही. ती त्यावर पत्र लिहीत नाही, आणि नाताळच्या रात्री भांडी घासताना रडत तर नाहीच.

आता त्या दुखऱ्या पायांविषयी बोलू, कारण तुझ्या पत्रातलं ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. माझं बालपण वसईच्या वाडीत गेलं. नाताळच्या आधीचे पंधरा दिवस आई कधी बसलेली मला आठवत नाही. नेवऱ्यांचं सारण, कुलकुलं, घराची साफसफाई, आम्हा सहा जणांचे कपडे शिंप्याकडून वेळेवर आणणं, दिवाळीला हिंदू शेजाऱ्यांकडून फराळाची ताटं आलेली असायची त्यांची परतफेड, आणि या सगळ्याबरोबर वाडीचं शिंपणं, जे सणासाठीही थांबत नसे. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून आम्ही कंदिलाच्या उजेडात केळीच्या बागांमधून घरी यायचो. आम्ही पोरं खाण्यावर तुटून पडायचो आणि आई ओट्यावर घमेल्यात मिठाचं गरम पाणी घेऊन पाय सोडून बसायची, डोळे मिटून. हे दृश्य मी दर नाताळला पाहिलं, पण त्याचा अर्थ कळायला माझी स्वतःची चाळिशी उजाडावी लागली. ग्लोरियाच्या घंटेला तिला काय वाटत होतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. तूही तुझ्या आईला विचारलं नसशील. तुझ्या अंगावर काटा यायचा तेव्हा तुझ्या शेजारी उभ्या असलेल्या त्या बाईला बहुधा पायच जाणवत असतील. तिची श्रद्धा कमी होती असं तू म्हणशील का?

लहानपणचं ते नवल खोटं होतं असं मला म्हणायचं नाही. ते खरंच होतं, आणि ते कसं तयार व्हायचं ते समजून घेतलंस तर तुझा जीव थोडा हलका होईल. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, चारही रविवारी मिस्सेत ग्लोरिया म्हणत नाहीत, हे तुला ठाऊक आहे, पण लहानपणी आपल्याला ते कळत नसतं. चार आठवडे वेदीवर जांभळा रंग असतो, फुलं बेताची असतात आणि ते एक गीत राखून ठेवलेलं असतं. मग २४ च्या रात्री ते एकदम सुटतं, घंटा वाजतात, दिवे लागतात. आपल्या अंगावर आलेल्या काट्यामागे चार आठवड्यांचा उपास होता. माझ्या लहानपणी मिस्सा अजून लॅटिनमध्ये होती, मराठीत यायची होती. अर्थ एका शब्दाचाही कळत नव्हता, तरी ते गाणं परत आलंय हे आम्हा मुलांच्या कानांना बरोबर कळायचं.

आता तुझ्या घराकडे बघ. नाताळची गाणी कधीपासून वाजतात? पुण्यातल्या मॉलमध्ये नोव्हेंबरपासूनच सुरू होत असतील, फोनवरही येत असतील, आणि धाकटीच्या हट्टाने घरीही. २४ तारखेपर्यंत कान भरून गेलेले असतात. तुझ्या हृदयात दोष शोधण्याआधी एवढं करून पाहा. येत्या आगमनकाळात निदान १६ डिसेंबरपर्यंत घरात नाताळचं एकही गाणं लावू नकोस. शांतता ठेव. मुलं कुरकुर करतील, करू दे.

१६ तारीख मी उगाच काढलेली नाही. आपल्या उपासनेत १६ डिसेंबरपर्यंतची वाचनं प्रामुख्याने बाळाविषयी नसतातच. पहिल्या रविवारी काय वाचतात ते आठव: जागे राहा, घरधनी केव्हा येईल तुम्हाला ठाऊक नाही. मग येशूची वाट तयार करणारा योहान बाप्तिस्ता येतो, तो तर गव्हाणीचं नावही काढत नाही, वाट सरळ करा म्हणून खडसावतो. बेथलेहेमकडे आपण खऱ्या अर्थाने वळतो ते १७ तारखेपासून. म्हणजे आगमनकाळाचा मोठा भाग दोन हजार वर्षांपूर्वीच्या जन्मासाठी नाही, जो अजून यायचा आहे त्याच्यासाठी आहे. बाराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी आपल्या मठातल्या बंधूंना सांगितलं होतं की प्रभूचं येणं तीन प्रकारचं आहे. एक देहाने झालं, एक शेवटी वैभवात होईल, आणि या दोहोंच्या मध्ये एक येणं आहे, ते गुपचूप, माणसाच्या अंतःकरणात होतं आणि कोणाला दिसत नाही.

मुलं वाट बघतात ती तारखेची. २५ डिसेंबर येणारच, ते कोणी अडवू शकत नाही, म्हणून त्यांच्या वाट बघण्यात निव्वळ आनंद असतो. तुझी वाट आता तारखेची राहिलेली नाही. आई परत भेटावी, भावांनी एका ताटात जेवावं, आतलं कोरडेपण जावं, पोराने देवाकडे पाठ फिरवू नये. यातल्या कशालाच कॅलेंडरवर फुली मारता येत नाही. तू याला श्रद्धा आटणं म्हणतेस. मला वाटतं तुझा आगमनकाळ आता कुठे खरा सुरू झालाय. तो लहान मुलांपेक्षा मोठ्यांसाठीच अधिक आहे, हे आपल्याला कोणी नीट सांगत नाही याची मला खंत आहे.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात बाळाला मंदिरात आणतात तो प्रसंग परत वाच. गरिबांचं अर्पण म्हणून दोन पारव्यांची सोय असलेलं ते जोडपं, आणि तिथे त्यांना भेटणारी दोन माणसं. शिमोन, ज्याला मसीहा, म्हणजे तारणारा, पाहिल्याशिवाय मरण येणार नाही असं वचन होतं. आणि हन्ना. लग्नानंतर सात वर्षं संसार झाला, मग वैधव्य, आणि आता वय ८४. ती मंदिर सोडून जात नसे, एवढंच लूक सांगतो. इतक्या वर्षांत रोज सकाळी तिच्या अंगावर काटा येत असेल असं तुला वाटतं? मला नाही वाटत. थंडीत गुडघे दुखत असतील. पुष्कळ दिवस काहीच वाटत नसेल. पण ती तिथे होती, म्हणून ते बाळ आत आलं तेव्हा तिला ते दिसलं. त्या दिवशी मंदिरात माणसं पुष्कळ असतील, बाळ ओळखलं ते या दोघा वाट बघणाऱ्यांनी. मी चाळिशीनंतर गोठ्यातल्या मेंढपाळांपेक्षा हन्नाच्या जवळ गेले. तूही जा.

माझं स्वतःचंही सांगते. माझे यजमान एका नोव्हेंबरात गेले आणि त्यानंतरचे पाच नाताळ माझ्यासाठी असेच कोरडे गेले. शाळेतली मुलं कॅरल म्हणायला घरी यायची, मी त्यांना खाऊ द्यायची आणि दार लावून घ्यायची. एका डिसेंबरात प्रायश्चित्त संस्काराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, गेले आणि वयस्कर धर्मगुरूंना म्हणाले, फादर, माझ्या आत काही नाही. त्यांनी मला उपदेश केला नाही. विचारलं, चर्चमधला गोठा बघितलात? म्हटलं, बघितला. बाळ ठेवलंय? म्हटलं, नाही, ते २४ तारखेला ठेवतात. मग ते म्हणाले, “तरी आपण त्याला गोठाच म्हणतो ना, टीचर? रिकामी गव्हाण म्हणजे गोठा मोडला असं कोणी म्हणत नाही.” एवढं बोलून त्यांनी मला प्रायश्चित्त सांगितलं: रोज पाच मिनिटं त्या रिकाम्या गव्हाणीसमोर बसा, प्रार्थना सुचली नाही तरी चालेल.

मी बसले. काही घडलं नाही. पण आपण गव्हाण रिकामी ठेवतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. लहानपणी ती रिकामी असणं म्हणजे फक्त अजून थोडे दिवस बाकी आहेत एवढंच होतं. आता वाटलं, माझी जागा हीच. पेंढा घातलेला आहे, माती सारखी केलेली आहे, आणि कोणी आलेलं नाही.

मग मी या गोठ्याच्या मुळाशी गेले. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस असिसीकर यांनी नाताळच्या रात्री गव्हाण मांडली, पेंढा घातला, बैल आणि गाढव आणून बांधलं, आणि तिथे मिस्सा झाली. तिथे मरिया, योसेफ यांच्या मूर्ती नव्हत्या. फ्रान्सिस यांचं पहिलं चरित्र लिहिणाऱ्या थॉमस चेलानो यांनी नोंदवलं आहे की त्या रात्री तिथल्या एका माणसाला त्या गव्हाणीत एक निश्चल, जणू प्राण नसलेलं बाळ दिसलं, आणि फ्रान्सिसने जवळ जाऊन त्याला गाढ झोपेतून जागं केल्यासारखं दिसलं. चेलानो त्याचा अर्थही लावतात: अनेकांच्या हृदयांत येशू विसरला गेला होता, तो पुन्हा जागा झाला. मी हे वाचून पुस्तक मिटून बसले होते. ८०० वर्षांपूर्वीही, जिथे घरोघर श्रद्धा होती असं आपण समजतो तिथेही, बाळ झोपी जात होतंच. तुझ्या आत ते मेलेलं नाही, झोपलंय.

मग ते जागं कसं झालं, असं तू विचारशील. माझ्या बाबतीत चर्चमध्ये नाही झालं. सहाव्या डिसेंबरात आमच्या शेजारच्या बांधकामावरची एक मजूर बाई पत्र्याच्या खोलीतच बाळंत झाली. तिचा नवरा धावत आमच्याकडे आला. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि कपाटातल्या आईच्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या काढून फाडायला बसले. बाळाला गुंडाळायला बाळंती करायची होती. फाडता फाडता हात थांबला. ‘तिने त्याला बाळंत्याने गुंडाळले’ हे शब्द आपण जन्मभर ऐकले. आपल्या मराठी बायबलात किती घरगुती शब्द आहे तो, आणि मला त्याचा स्पर्श कधी झाला नव्हता. उतारशाळेत जागा नव्हती, हेही शब्द मी वर्गात शेकडो वेळा वाचून दाखवले होते. आणि इथे भिंतीपलीकडे, सिमेंटच्या गोण्यांशेजारी, एक बाई बाळ पोटाशी धरून पडली होती. अंगावर काटा नाही आला. मी फक्त रडले, आणि साड्या फाडत राहिले. त्या वर्षी ग्लोरियाच्या वेळी मला लहानपणचं काही आठवलं नाही, ते बाळ आठवलं. तेव्हापासून माझा नाताळ निराळा आहे. परत आला असं म्हणणार नाही, कारण लहानपणचा परत येत नाही, आणि तो मागत बसू नये असं माझं ठाम मत झालं आहे.

तुझ्या मुलाचं म्हणणं मला मुळीच वाईट वाटलं नाही. १४ व्या वर्षी लहानपणचं नवल गळून पडतं, ते पडायलाच हवं. बाळ येशूची संत तेरेजा, आपल्या घराघरांत जिची गुलाबांची तसबीर असते, तिची गोष्ट त्याला सांग, पण तसबिरीतली नको. २५ डिसेंबर १८८६, फ्रान्समधलं लिज्यू गाव. तिला १४ पूर्ण व्हायला आठवडाभर होता. आई ती साडेचार वर्षांची असतानाच गेलेली, तेव्हापासून ही मुलगी जराशा शब्दाने रडायची. मध्यरात्रीच्या मिस्सेहून सगळे घरी आले. शेकोटीजवळ बुटांत लहानांसाठी भेटी ठेवायची तिथे पद्धत होती, आणि धाकटी म्हणून तिच्यासाठी ती अजून चालू होती. वडील थकलेले होते. ते बूट पाहून म्हणाले, बरं झालं, हे शेवटचंच वर्ष. तिने जिन्यावरून ऐकलं. बहीण म्हणाली, आता खाली जाऊ नकोस, रडशील. तिने डोळ्यातलं पाणी आवरलं, खाली गेली, आणि वडिलांसमोर बसून एकेक भेट आनंदाने उघडली, इतक्या आनंदाने की तेही हसायला लागले. पुढे तिने लिहिलं की साडेचाराव्या वर्षी हरवलेलं मनाचं बळ तिला त्या रात्री परत मिळालं, आणि तिचं बालपण तिथे संपलं.

मला या प्रसंगात जिना फार महत्त्वाचा वाटतो. वर राहून रडणं शक्य होतं, आणि खाली वडील थकून बसले होते. नाताळ आपल्याला मिळतो इथपासून नाताळ आपण दुसऱ्याला द्यायचा इथपर्यंतचं अंतर त्या एका जिन्याएवढं होतं. तुझा मुलगा त्या जिन्यावर उभा आहे. खरं तर तूही. आणि तेरेजाची श्रद्धा त्यानंतर सदा उजळ राहिली असंही समजू नकोस. वयाच्या २४ व्या वर्षी ती गेली, आणि शेवटचं दीड वर्ष तिने विश्वासाच्या दाट काळोखात काढलं. तिने ते लपवलं नाही. त्या काळोखातही ती प्रार्थनेला बसत राहिली. चर्चने तिला संत म्हटलं, १९९७ साली तर धर्मपंडिता म्हणून गौरवलं. तेव्हा कोरडेपणाची लाज बाळगू नकोस.

मुलाला ओढून नेऊ नकोस, पण त्याला सोडूनही देऊ नकोस. त्याला काम दे. या वर्षी तयार चांदणी विकत आणायची नाही, बांबूच्या काड्या, सुतळी आणि जिलेटिनचा कागद आणून त्याच्या हातात दे. आजोबा कशी बांधायचे ते तुला आठवतंय तेवढं सांग, उरलेलं तो शोधून काढेल. आणि गोष्ट तीच असते म्हणाला तर त्याला सांग की तुला अजून ती गोष्ट पुरती ठाऊक नाही. लहान मुलांना आपण येशूला संपवण्यासाठी हेरोद राजाने मारलेल्या बाळांविषयी सांगत नाही, त्यांचा दिवस २८ डिसेंबरला येतो तोवर आपले फटाके आणि पाहुणेच चाललेले असतात. रातोरात बाळ घेऊन परक्या देशात पळालेल्या कुटुंबाचं गांभीर्य आपण गाण्यांत बुडवून टाकतो. आणि योसेफ! चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक शब्द नाही. तो फक्त उठतो आणि जे करायचं ते करतो. वयात येणाऱ्या मुलाला या माणसाविषयी विचार करायला पुष्कळ जागा आहे. हे सगळं तू शिकवू नकोस, त्याला मत्तयचे पहिले दोन अध्याय वाचायला दे आणि त्याला काय वाटलं ते ऐक. तो वाद घालेल. घालू दे, वाद घालणारं मूल घरातच असतं.

धाकटीचा हेवा वाटतो याची लाज सोड. तो हेवा नाही, भूक आहे, आणि तिला भाकरीचा वास येतोय म्हणून तुझी चाळवते. तिच्याबरोबर दिवस मोज. आगमनकाळाच्या मेणबत्त्यांची रीत अशाच मुलांमुळे सुरू झाली. १८३९ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात योहान विखेर्न नावाचे एक धर्मोपदेशक निराधार मुलांचा आश्रम चालवत होते. मुलं रोज विचारायची, नाताळ आला का? त्यांनी एका जुन्या बैलगाडीसारख्या गाडीचं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, बाकी दिवसांच्या लहान लाल. रोज एक पेटायची. ज्या मुलांना घर नव्हतं, त्यांना कसली वाट बघायची हे त्या चाकाने शिकवलं. आपल्या चर्चमध्ये तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असते. तुझ्या घरी साध्या चार मेणबत्त्या आणि एक ताटली पुरे. जेवणाआधी दिवे मालव, ती पेटवेल, तू तिच्याजवळ बस. तुला काही वाटलंच पाहिजे असं नाही. तिचं वाटणं तिच्याजवळ राहू दे. तू तिच्याजवळ बसलीस एवढं तिला तिशी-चाळिशीत आठवेल, जसं मला घमेलं आठवतं. जे माझ्याजवळ नाही ते कुठून देऊ, असं तू विचारलंस ना? तुझ्या आईने दिलं तसंच.

गोठ्यात नाचणी पेरतेस का? हल्ली प्लॅस्टिकचं गवत मिळतं, ते आणू नकोस. १२ डिसेंबरच्या सुमारास नाचणी रात्रभर भिजव, पसरट डब्यात मातीवर दाट पसर, वर मातीचा पातळ थर दे आणि रोज हाताने पाणी शिंपड. पहिले दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही आणि धाकटी दर तासाला येऊन बघेल. नाताळपर्यंत बोटभर हिरवळ होते.

आता भावांविषयी. हे मी शेवटी ठेवलं, कारण तुझ्या पत्रात ते एका वाक्यात येऊन गेलं आहे आणि मला वाटतं सगळ्यात जास्त तेच सलतंय. १७ डिसेंबरला मिस्सेत मत्तयने दिलेली येशूची वंशावळ वाचतात. अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कोणी झाला. लहानपणी आम्ही ती ऐकताना पाय हलवत बसायचो. या वर्षी ती कान देऊन ऐक. दुसऱ्याच वाक्यात याकोब आहे, ज्याने मसुरीच्या वरणावर भावाचा ज्येष्ठपणाचा हक्क काढून घेतला, वडिलांना फसवून आशीर्वाद घेतला, आणि मग भावाच्या भीतीने घर सोडून २० वर्षं परमुलखात राहिला. त्याच्यापुढे ‘यहूदा व त्याचे भाऊ’ असं येतं. हे ते भाऊ, ज्यांनी आपल्याच भावाला विकलं. पुढे तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको, प्रत्येकीच्या मागे एक अवघड कहाणी. वाटणीची भांडणं, फसवणूक, तुटलेली घरं, या सगळ्यातून ती वंशावळ बेथलेहेमला पोचते. मत्तयने यातलं काही लपवलं नाही. वसईत आज जमिनीला जो भाव आलाय त्याने किती घरांत हेच झालंय, तुला मी सांगायला नको. तुमचं घर त्या वंशावळीबाहेरचं नाही.

त्यांच्यात समेट घडवून आणायची जबाबदारी तू अंगावर घेऊ नकोस, ते तुझ्या हातात नाही. वाटणीचा विषय तर काढूच नकोस. नाताळ झाल्यावर, जानेवारीच्या सुरुवातीला येणाऱ्या तीन राजांच्या सणाच्या आत, एका रविवारी पहाटेच निघ आणि वसईला ये. मुलाला बरोबर आण, मुलीलाही. आईच्या पद्धतीची कुलकुलं कर. माप नक्की आठवत नसेल तर अंदाजाने कर, नारळाचं दूध मात्र घट्ट काढ, आणि फणीवर वळ, काट्यावर नको. दोन ताटं भर, सारखी. त्यावर आईच्या हातचे विणलेले रुमाल असतील तर ते झाक. एक ताट थोरल्याच्या दारात, एक धाकट्याच्या. बस म्हणाले तर बस, नाही म्हणाले तर ओट्यावर ठेवून ये. दोन्ही भावजया वसईच्याच असतील, तर शेजारचं ताट रिकामं परत करायचं नसतं, हे त्यांना ठाऊक आहे.

तुझी,
टीचर